चार गाईंचा गोठा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पारनेर तालुक्यात आमचा गोठा आहे. चार संकरित गाई, दोन कालवडी आणि सासूबाईंच्या हट्टाखातर एक पंढरपुरी म्हैस. धार मी काढते, शेण मी काढते. दूध डेअरीला ‘हे’ घालतात, म्हणून गावात गोठा ह्यांच्या नावानं ओळखला जातो. असो. नातेवाईक, बचत गटातल्या बाया आणि पुण्यात नोकरीला कंटाळलेले भाचे-पुतणे फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. बहुतेकांना ‘गाय किती लिटर देते’ हे हवं असतं. मी त्यांना उलट विचारते, ‘गाय किती दिवस रिकामी, म्हणजे गाभण न राहता, राहते?’

किती गाईंपासून सुरुवात करावी?

दोन. आणि त्या दोन एकदम घेऊ नका. पहिली आल्यावर चार-पाच महिन्यांनी दुसरी घ्या, म्हणजे एक आटली तरी दुसरीचं दूध चालू राहतं आणि डेअरीचं बिल शून्यावर येत नाही.

गाईच्या आधी वैरण लावायची. संकरित नेपियर (फुले जयवंत, डीएचएन-6 वगैरे) लावल्यापासून पहिल्या कापणीला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून ठोंबं आधी आणि गाय नंतर. पाणी असेल तर दहा गुंठ्यांत दोन गाईंचं हिरवं निघतं. एका मोठ्या गाईला रोज वीस-पंचवीस किलो हिरवं आणि पाच-सहा किलो कडबा-कुट्टी लागते. पाणी साठ लिटरच्या खाली धरू नका, उन्हाळ्यात त्याहून जास्त. विहीर एप्रिलमध्ये तळ गाठत असेल तर दोन गाईसुद्धा विचार करून घ्या. 2019 च्या उन्हाळ्यात चारा छावण्यांत दावणीला उभी राहिलेली जनावरं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी पावसाळ्यात आणलेली होती.

पैसे कुठून उभे करायचे?

किसान क्रेडिट कार्ड आता जनावरांनाही मिळतं. शेती आणि जोडधंद्याचं 2 लाखांपर्यंतचं कर्ज 1 जानेवारी 2025 पासून बिनतारण आहे. पण हे खेळतं भांडवल, म्हणजे पेंड-वैरण-औषधासाठी. ते उचलून गाय घेतली की पहिल्याच आजारपणात हात रिकामे होतात. गाय विकणाऱ्याकडून उधारीवर घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

बाजारातून गाय घेताना काय बघायचं?

शक्यतो बाजारातून घेऊच नका, माहितीतल्या गोठ्यातून घ्या. काष्टी, लोणी, सांगोला, कुठल्याही बाजारात गाय ‘तुंबवून’ आणलेली असू शकते. आदल्या संध्याकाळची धार काढलेली नसते, कास टम्म दिसते आणि आपण कासेकडे बघून भाव करतो. लागोपाठ तीन धारा स्वतः काढून बघू दिल्या तर ठीक, नाहीतर पुढं चला.

दुसऱ्या वेताची, नुकती व्यालेली गाय सगळ्यात बरी. पहिलारूला अजून सवय नसते आणि चौथ्या-पाचव्या वेताच्या गाईत काय दडलंय ते दडवणाऱ्यालाच ठाऊक. दात बघा. दोनदाती म्हणजे साधारण दोन वर्षं. आठ दात पूर्ण येऊन जुळली म्हणजे चार-साडेचार वर्षांच्या पुढं.

चारही सड पिळून बघा. ‘चारही’ यासाठी म्हणते की माझी पहिली गाय तीन सडांची निघाली. विकणाऱ्यानं धार स्वतःच काढून दाखवली होती. हात इतका झरझर चालवला की चौथ्यातून काही येत नाही हे मला कळलंच नाही. घरी आणून बसले तेव्हा कळलं. त्या गाईनं आमच्याकडे पाच वेतं दिली, पण किंमत मात्र चार सडांची घेतली.

कानात पिवळा बिल्ला आहे का बघा. त्यावरच्या 12 आकडी नंबरावर लसी, रेतन, मालक यांची नोंद असते. विम्यालाही तोच लागतो. आणि दोनशे-तीनशे रुपयांकडे न बघता ब्रुसेलाची रक्ततपासणी करूनच गाय दावणीला बांधा. हा रोग असलेली गाय शेवटच्या तिमाहीत गाभडते (गर्भ टाकते), बाकीच्या जनावरांना तो देते आणि माणसालाही होतो.

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) घ्यावी, जर्सी, गीर, की आपली खिल्लार?

हा प्रश्न विचारून लोक माझ्याकडून भांडण लावून घेतात. तुमच्या गावात कुठलं दूध कोण घेतं आणि उन्हाळ्यात पारा किती चढतो, ते आधी बघा.

डेअरीला दूध घालायचं असेल तर एचएफचा संकर. पण रक्ताचं प्रमाण 50 ते 62.5 टक्क्यांच्या आसपासच ठेवा. दर पिढीला एचएफचीच कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरत गेलं की नात 87 टक्क्यांवर जाते. दूध वाढतं खरं, पण मे महिन्यात ती जीभ बाहेर काढून धापा टाकत उभी राहते, गोचीडताप लवकर होतो आणि गाभण राहायचं नाव घेत नाही. आमच्या ‘चांदणी’चं असंच झालं. दिवसाला 24 लिटर देणारी गाय, पण वर्षभर रिकामी. शेवटी तिला संकरित वळूची कांडी भरली. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं एचएफ, जर्सी आणि गीर मिळून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली ती याच विचारातून. दूध परदेशी रक्ताचं, काटकपणा आपला.

जर्सी आकारानं लहान, खायला कमी, फॅट बरा. कोरडवाहू लहान शेतकऱ्याला ती एचएफपेक्षा सोयीची, असं माझं स्पष्ट मत आहे. ह्यांचं नाही.

गीर सौराष्ट्रातली. तिचं दूध ‘देशी’ म्हणून चढ्या भावानं घेणारं गिऱ्हाईक शहरात जवळ असेल तरच परवडते. डेअरीचं यंत्र फक्त फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वाचतं, गाय कुठल्या वंशाची ते विचारत नाही.

खिल्लार ही कामाची आणि पळायची जात. दूध वासराला पुरून घरी चहापुरतं. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये कायदाही कायम ठेवला. त्यानंतर चांगल्या खोंडाला भाव आला आहे. पण तो वेगळाच धंदा. मराठवाड्यात देवणी दूध आणि काम दोन्ही देते, लाल कंधारी कमी खाऊन तग धरते. अकोले-इगतपुरीच्या धो धो पावसात डांगीच टिकते. तिथे एचएफ नेऊन खुरं कुजवण्यात अर्थ नाही.

आणि म्हैस?

म्हशीचा माज (गाभण राहण्याची वेळ) ओळखणं गाईपेक्षा अवघड, गाभणकाळ महिन्यानं मोठा (310 दिवस), पण फॅट दुप्पट आणि तीनशे ग्रॅम पेंडीवरून रुसणारी नाही. कोल्हापूरच्या कट्ट्यांवर गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, त्या बहुतेक पंढरपुरी म्हशी. जवळ असं गिऱ्हाईक असेल तर म्हैस जरूर ठेवा.

ताई, गाय माजावर आली हे ओळखायचं कसं? आम्हाला कळतच नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि चार गाईंच्या गोठ्याचा सगळा पैसा इथेच आहे.

माज दर 21 दिवसांनी येतो (18 ते 24 धरा) आणि 12 ते 18 तास टिकतो. त्यातले बरेचसे तास रात्रीत आणि पहाटे जातात, जेव्हा गोठ्यात कुणी नसतं. हंबरणं, अस्वस्थपणा, वैरण टाकून देणं, दूध अचानक लिटरभर कमी होणं, शेपूट वर करून थोडं थोडं मुतणं, योनी सुजल्यासारखी दिसणं. आणि मुख्य म्हणजे सोट, ज्याला काही भागांत बळस म्हणतात: अंड्याच्या पांढऱ्यासारखा, काचेसारखा स्वच्छ, तुटत न जाणारा तार. तो पांढरा-पिवळा किंवा घाण वासाचा असेल तर गर्भाशयात बिघाड आहे. त्या वेळी कांडी भरवू नका, डॉक्टरला दाखवा.

सगळ्यात खात्रीची खूण एकच. दुसरी गाय अंगावर चढली तर ती हलत नाही, उभी राहते. पण आपल्या गाई चोवीस तास दावणीला बांधलेल्या, मग चढणार कोण आणि कुणावर? म्हणून सकाळी धारेआधी आणि संध्याकाळी उशिरा वीस-वीस मिनिटं त्यांना एकत्र मोकळं सोडा आणि शेजारी उभं राहा. फोन न बघता.

मुका माज असला तर यातलं काहीच दिसत नाही, फक्त सोट. तोही गाय बसलेली असताना खाली शेणावर पडतो. पहाटे पाचला शेण काढताना मी बॅटरी लावून आधी शेपटीखाली आणि मागची जागा बघते. कधी कधी सोट नसतो, पण शेपटीच्या गोंड्याला रक्ताचा डाग वाळलेला दिसतो. ते बघून लोक घाबरतात. घाबरू नका, पण भरवूही नका. माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेलेला असतो. तिथून 18-19 दिवस पुढं मोजा आणि त्या आठवड्यात गाईवर डोळा ठेवा.

आमच्या गोठ्याच्या खांबाला कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर प्रत्येक गाईचं पहिलं अक्षर आणि काय दिसलं ते. 7 तारखेला ‘चां – सोट’, 28 ला मी आधीच पेन्सिलीनं गोल करून ठेवते. अ‍ॅप वगैरे पुतण्यानं घालून दिलं होतं. शेणाच्या हातानं फोन उघडत नाही, हा त्यातला मोठा दोष.

माज दिसल्यावर कधी भरवायची?

सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. स्त्रीबीज माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं, म्हणून दिसल्याबरोबर घाई करून उपयोग नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबूनही नाही.

आता एक गोष्ट लिहूनच टाकते. माज पहिल्यांदा बाईला दिसतो, कारण पहाटे गोठ्यात तीच असते. पण कांडी भरणाऱ्याचा नंबर पुरुषाच्या फोनमध्ये असतो आणि तो दूध घालायला, बाजाराला किंवा पारावर गेलेला असतो. संध्याकाळी सांगितलं की ‘उद्या बघू’. उद्याला 21 दिवस गेले. भाकड गाय दिवसाला दीडशे रुपयांचं खाते असं धरा. म्हणजे एक फोन राहिला की 3150 रुपये गेले, वरून पुढच्या वेताचं दूध तीन आठवडे लांबलं ते वेगळंच. आमच्या घरी हे भांडण एकदाच झालं. तेव्हापासून नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

गाय परत परत उलटते. तीनदा भरली, राहत नाही. काय करू?

आधी हे मान्य करा की गावातल्या परिस्थितीत एका कांडीला गाभण राहण्याचं प्रमाण शंभरात पस्तीस-चाळीस. म्हणजे एकदा उलटली तर तो कुणाचाच दोष नाही. तिसऱ्यांदा उलटली तर मात्र पुढची कांडी भरण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करा.

कारणं बघायची ती अशी. वेळ चुकते का? सोट स्वच्छ आहे का? गाय व्याल्यावर खंगली आहे का? दूध जास्त आणि खाणं कमी असेल तर शरीर आधी गाभण राहणं बंद करतं, बाकी सगळं नंतर. खनिज मिश्रण रोज पडतं का? निम्म्या घरांत पिशवी आणलेली असते, फोडलेली नसते.

आणि कांडी. रेतमात्रा द्रव नत्रात उणे 196 अंशाला ठेवलेली असते. बाहेर काढली की 37 अंशाच्या कोमट पाण्यात तीस सेकंद धरून, पुसून, लगेच भरायची. आमच्याकडे एकदा एक जण कांडी शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवर आला. बोलायला संकोच वाटला, गप्प बसले. गाय अर्थातच उलटली. आता मीच कोमट पाण्याचं भांडं आणि थर्मामीटर तयार ठेवते आणि हसून म्हणते, ‘भाऊ, इथेच उघडा.’ कुणी रागावलेलं नाही.

कांडीवरचा नंबर लिहून ठेवायचा का? त्याचा काय उपयोग?

ठेवायचाच. कांडीवर वळूची जात आणि नंबर छापलेला असतो. दोन-अडीच वर्षांनी तिची कालवड भरवायची वेळ येते, तेव्हा तिच्या बापाचीच कांडी पुन्हा तिला भरली जाऊ नये. गावातला सोडलेला वळू वापरला की हेच होतं. चार वर्षांत निम्म्या गावाची जनावरं एकाच बापाची होतात, वासरं किरकोळ निपजतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वळू ब्रुसेलाही गोठ्या-गोठ्यातून फिरवतो. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था सुरू केली आणि पुढं दारात येऊन रेतन करायची पद्धत खेड्यांत रुजली. त्यानंतरही आम्ही रिकामी कांडी उकिरड्यावर फेकतो. मी त्या नळ्या काचेच्या बरणीत ठेवते, चिठ्ठी गुंडाळून.

फक्त कालवडच होते ती कांडी घ्यावी का?

लिंगनिर्धारित रेतमात्रेतून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. पण गाभण राहायचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं, कारण त्या प्रक्रियेत शुक्राणू कमी आणि थकलेले उरतात. म्हणून ती निरोगी, पहिल्या माजाच्या कालवडीला किंवा एका भरणीत राहणाऱ्या गाईला वापरा. उलटणाऱ्या गाईला वापरणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं.

गोऱ्हे झाले तर त्यांचं काय करायचं?

या प्रश्नाचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. एचएफचा गोऱ्हा औताला चालत नाही, खांद्याला वशिंड नाही की उन्हात टिकाव नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलच कमी लागतात. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, गाईंवर ती आधीपासूनच होती. म्हणजे गोऱ्हा, म्हातारा बैल, कायमची भाकड गाय, सगळी त्या शेतकऱ्याच्या दावणीला किंवा रस्त्यावर. कायद्याच्या बाजूनं आणि विरोधात बोलणारे दोघेही गोऱ्ह्याला वैरण घालायला येत नाहीत. बऱ्याच गोठ्यांत गोऱ्ह्याला दूध तोडतात आणि तो महिनाभरात ‘आपोआप’ जातो. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. वर सांगितलेली कांडी महाग असली तरी मी कालवडींना तीच भरते, त्याचं खरं कारण हे आहे.

जुळी झाली: एक कालवड, एक गोऱ्हा. कालवड ठेवावी ना?

पैदाशीसाठी नाही. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली जुळी कालवड शंभरात नव्वदहून जास्त वेळा वांझ निघते. म्हशी-गाई बघून बघून म्हाताऱ्या झालेल्या बायांना हे माहीत असतं. आपण दोन वर्षं खायला घालून शिकतो.

कालवड पहिल्यांदा कधी भरवायची?

वयापेक्षा वजन बघा. संकरित कालवड 250 किलोच्या वर गेली की, साधारण पंधरा-अठरा महिन्यांत. वजनासाठी काटा लागत नाही, छातीच्या घेराची टेप मिळते. लहान अंगात भरवली तर विताना अडते.

गाभण गाय कधी आटवायची? दूध देतेय तोवर पिळू का?

भरल्यापासून साठ ते नव्वद दिवसांत गाभण तपासणी करून घ्या. ‘उलटली नाही म्हणजे राहिली’ हा हिशेब मला एकदा पाच महिन्यांना पडला आहे. गाय गाभण 280 दिवस, म्हणजे नऊ महिने नऊ दिवस. शेवटचे साठ दिवस पिळायचं नाही. कास पुढच्या वेताची तयारी त्याच दिवसांत करते. आटवताना डॉक्टरला विचारून चारही सडांत औषधाच्या नळ्या सोडा. लोभानं शेवटपर्यंत पिळलेली गाय पुढच्या वेतात ते दूध व्याजासकट कापून घेते.

व्यायला लागली की डॉक्टरला कधी बोलवायचं?

पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले आणि वासराचे पाय-तोंड दिसत नाही तर. एकच पाय किंवा नुसतं शेपूट दिसलं तर लगेच. 1962 या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं.

जार (वार) बारा तासांत पडायला हवी. नाही पडली तर ओढू नका. तिला दगड किंवा चप्पल बांधायची जुनी पद्धत गर्भाशय फाडते, अंग बाहेर येतं. जार उघड्या हातानं उचलू नका, पुरून टाका. कुत्र्यांच्या तोंडी देऊ नका.

व्याल्यावर दोन-तीन दिवसांत जास्त दुधाची गाय बसली, मान कुशीकडे वळवली, कान गार लागले तर तो दुग्धज्वर. कॅल्शियम शिरेतून, तेही सावकाश द्यावं लागतं. ते काम डॉक्टरचंच. तासाभरात गाय उठून उभी राहते, बघणाऱ्याला जादू वाटते. उशीर झाला तर उठतच नाही.

चीक किती पाजायचा? जास्त पाजला तर हगवण लागते म्हणतात.

हगवण कमी पाजल्यानं लागते. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पाजा, जार पडायची वाट बघू नका. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर. वासराला स्वतःची प्रतिकारशक्ती नसते, ती चिकातून येते. आतडं ती जसजसे तास जातील तसतशी कमी शोषतं, चोवीस तासांनी जवळजवळ बंद. खरवसासाठी आळीतली भांडी सकाळीच दारात येतात. माझी सासू त्यांना तिसऱ्या दिवशीचा वायदा देते आणि तिथे ती कुणाचंच ऐकत नाही.

नाळ आयोडीनमध्ये बुडवा. दहाव्या दिवशी जंताचं औषध, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

पेंड किती घालायची?

अंगाला दीड-दोन किलो, वर गाईच्या दर अडीच लिटर दुधाला एक किलो. म्हशीला दर दोन लिटरला एक. खनिज मिश्रण पन्नास ग्रॅम. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत थोडं वाढवा. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

लग्नातला उरलेला भात-पुऱ्या जनावरांना घातल्या तर चालतात का?

नाही. एका रात्रीत गाय जाते. पोटात आम्ल वाढून ती बसते ती उठत नाही. अन्न वाया जाऊ नये असं वाटणं चांगलं आहे, पण त्यासाठी गाय हा पर्याय नाही.

मुरघास लहान शेतकऱ्याला जमतो का?

जमतो, पिशव्यांत. मका चिकात असताना, दाणा दाबला की दुधाळ-पिठूळ लागतो तेव्हा कापायचा, कुट्टी करायची, थरावर थर देऊन पायानं तुडवत भरायची, हवा राहू द्यायची नाही. पंचेचाळीस दिवसांनी उघडा. वास आंबट-गोड, रंग सोनेरी हिरवा. काळा आणि सडका वास असेल तर हवा राहिली होती. उंदरांनी पिशवीला भोक पाडलं की तिथून बिघडतो. आमच्या पहिल्या वर्षीच्या तीन पिशव्या अशाच उकिरड्यावर गेल्या. आता पिशव्यांखाली फळ्या आहेत आणि मांजर आहे.

उसाचं वाढं फुकट मिळतं. तेच घालू का?

नुसतं वाढं नको. त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, गाय आतून पोकळ होते, माज येत नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत खनिज मिश्रण आणि थोडा लसूणघास द्या. कोवळ्या किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत तर जनावर सोडूच नका, मिनिटांत विषबाधा होते.

कास कडक झाली, दुधात गुठळ्या. दगडी (कासदाह) झाली का?

हो, तीच. घरगुती लेप लावत चार दिवस घालवले की सड गेला. पहिल्याच धारेला डॉक्टरला फोन. ती गाय सगळ्यांत शेवटी पिळा आणि औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगेल तितके दिवस नंतर तिचं दूध डेअरीला घालू नका.

होऊ नये म्हणून: धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं. खात उभी राहिली तर ते मिटतं, बसली तर शेणाला लागतं.

पान्हा सुटत नाही म्हणून इंजेक्शन द्यावं का?

नाही. तो गुन्हा आहे, आणि गाईला त्याची सवय लागते.

कुठल्या लसी?

लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. लम्पी वर्षातून एकदा. 2022 मध्ये जनावरांचे बाजार बंद पडले होते, ते कुणी विसरलेलं नाही. ब्रुसेलाची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. संकरित वासरांना गोचीडतापाचीही मिळते. लस टोचल्यावर दोन दिवस दूध थोडं कमी होतं, तेवढ्यासाठी लस टाळणारे लोक आहेत.

दोन दिवस गावाला जायचं असेल तर काय करता?

जात नाही. गंमत सोडा, शेजारच्या गोठ्याशी जोडी जमवा. त्यांच्या बाईचा हात तुमच्या गाईंना आधीपासून ओळखीचा हवा, नाहीतर पान्हाच सोडत नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नाला आम्ही दोन रात्री नाशिकला होतो. शेजारीण धार काढून गेली, बाकी सगळं सासूबाईंवर. परत आल्यावर आधी गोठ्यात गेले. सासूबाईंना लिहिता येत नाही. कालनिर्णयाच्या 14 तारखेवर शेणाचं एक बोट उमटलेलं होतं, आणि ते बरोबर तांबडी गाईसाठी मी आधीच करून ठेवलेल्या गोलात. मी पेन्सिल काढून पुढच्या महिन्यातल्या चौकटीला गोल केला.